हिरवी पिलं लाल कशी झाली

१

हैबतराव मारण्यांच्या लेकीला, जान्हवीला, पहिली मुलगी झाली ते साल दोन हजार बावीस. श्रावण चालू होता. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, पौडच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आणलेली, आणि हैबतरावांचा सगळा जीव त्या तान्ह्या नातीपाशी. बारसं अजून व्हायचं होतं. पण नोकरीला कुठं नात कळते?

पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर हैबतराव पौडच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका संशोधन संस्थेत पहारेकऱ्यांचे मुख्य म्हणून लागले होते. संस्थेत मासे पाळलेले. मासे तरी केवढे, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. झेब्रा मासे म्हणत त्यांना. इतक्या वर्षांत तिथं साप निघणं आणि माकडांनी जेवणाचे डबे पळवणं, यापलीकडं काही घडलं नव्हतं.

त्या सकाळी ते फाटकाशी पोचले, तर सुनीती भर पावसात उभी. डोक्यावर छत्री नाही. ही जालन्याकडची पोर, इथं पीएचडी करत होती.

"काका, माझ्या पिलांचा कुणीतरी घात केला."

"मेली?"

"मेली नाहीत. पोहतायत. पण माझ्यासाठी मेल्यासारखीच. लाल झाली सगळी."

हैबतरावांना काही कळलं नाही. लाल झालेला मासा त्यांनी फक्त कढईत पाहिला होता. पण पोरीचा चेहरा पाहून त्यांनी आपली छत्री तिच्या डोक्यावर धरली.

सुनीतीनं त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आत पापणीच्या केसाएवढं एक पिलू. अंग काचेसारखं, आरपार दिसणारं. आणि डोक्यात, दोन डोळ्यांच्या मधे, निखारा फुलावा तसं लाल काहीतरी चमकत होतं.

"हा त्याचा मेंदू," सुनीती म्हणाली. "माशाचं अंडं आरपार दिसतं, म्हणून मेंदू कसा घडतो ते जिवंतपणी बघता येतं. माणसाच्या पोटातल्या बाळाचं तसं बघता येत नाही ना. काही बाळांचा मेंदू अर्धवट का राहतो, ते मी यांच्यात शोधतेय. या पिलांच्या मेंदूत समुद्रातल्या पोवळ्याचा एक रंग घातलाय. जन्मतः तो हिरवा असतो. त्याच्यावर जांभळट उजेड पडला की लाल होतो, आणि लाल झालेला पुन्हा हिरवा होत नाही. मी आज मोजून चार-दोन पेशी लाल करणार होते, बाकी हिरव्या ठेवून. म्हणून तर डबी चंदेरी कागदात गुंडाळून अंधारात ठेवली होती. आज यांच्या डोक्यात काय लिहिलंय ते वाचायचं, असं काल सगळ्यांना सांगत फिरले. मूर्खासारखी!"

"आपोआप लाल होत न्हाईत?"

"नाही. कुणीतरी रात्रभर उजेड दाखवलाय."

इतक्यात दार उघडलं. संस्थेचे प्रमुख डॉक्टर बंडोपंत आत आले. हातात एक कापडी पिशवी.

"हैबतराव, तपास करायची गरज नाही," ते म्हणाले. "चोर सापडला."

२

पिशवी झाडलोट करणाऱ्या राणीची होती. राणी वरच्या वाडीवरची, लग्नाला वर्ष झालेली, ठेकेदाराकडून कामाला लागलेली. बंडोपंतांनी पिशवीतून एक पेन्सिल काढली. पिवळी, टोकाला सुनीतीच्या नावाची चिकटपट्टी.

"ही पेन्सिल अंधाऱ्या खोलीतून बाहेर जात नाही. बरोबर ना, सुनीती?"

सुनीतीनं मान हलवली, पण तिला ते आवडलं नव्हतं.

राणीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"मी आज त्या खोलीत पाय बी ठेवला न्हाई. पेन्शील मला चहाच्या खोलीत गावली. सकाळी झाडताना. कोरा कागद व्हता, त्याच्यावर ठिवलेली. कागद चुरगाळून टाकला. पेन्शील चांगली व्हती, म्हणलं भावाच्या पोरीला व्हईल."

"कोरा कागद?" बंडोपंत हसले. "कोऱ्या कागदावर कुणी पेन्सिल ठेवतं?"

"मला काय ठावं, साहेब? शिकल्याली मानसं तुमी."

बंडोपंतांना ते झोंबलं. "हैबतराव, उद्या सकाळी ठेकेदार येतोय. हिचं नाव मी त्याला देणार. याच काय, दुसऱ्या कुठल्याच संस्थेत ही परत दिसता कामा नये. सुनीती, ती पिलं टाकून दे, नवी अंडी धर."

राणीनं पदर तोंडाला लावला. तिचा नवरा भुकूमच्या बांधकामावरून पडून घरी बसला होता, हे हैबतरावांना माहीत होतं.

"टाकायची न्हाईत," ते म्हणाले.

"काय?"

"साहेब, तो मुद्देमाल हाय. तपास पुरा होईस्तवर मुद्देमालाला हात लावायचा नसतो."

बंडोपंत म्हणाले, "हवालदार, ते मासे आहेत."

"आमी पौडच्या ठाण्यात चोरीची म्हैस ठेवून घेतली व्हती. तिला वैरण मीच घालायचो. मासे त्यामानानं बरे."

सुनीतीला रडता रडता हसू आलं. डबी ज्या जागी होती त्या जागी, अंधारात ठेवली गेली. जायच्या आधी हैबतरावांनी ती बॅटरीच्या उजेडात नीट पाहिली. सुनीतीनं सोडलेल्या चंदेरी कागदाच्या घड्या अजून तशाच होत्या; तो घाईनं गुंडाळलेला नव्हता. कडा आत दुमडून, भाकरी फडक्यात बांधावी तसा, मायेनं गुंडाळलेला. दुमडीत एका पाकोळीचा, पावसाळी किड्याचा, पंख अडकला होता. आणि झाकणावर पिवळा ठिपका. त्याच्या आजूबाजूला सुनीतीनं खुणेसाठी मार्करनं दिलेले लाल ठिपके.

"हे पिवळं तुझं?"

"नाही. मी पिवळा मार्कर वापरत नाही."

हैबतराव म्हणाले, "मग हे कुणाचं, ते कळलं की झालं."

३

अंधाऱ्या खोलीची किल्ली चौघांकडं असे. सुनीती, राणी, शैलेश आणि बाळाबाई.

शैलेश सुनीतीच्याच बरोबरीचा संशोधक. नांद्याला नव्या इमारतीत राहायचा. सूक्ष्मदर्शक एक आणि वापरणारे दोघं, त्यामुळं दोघांची रोजची कुरबुर. शिवाय त्याचा डबा संस्थेत कुठंही उघडायचा. टेबलावर, जिन्यात, एकदा तर माशांच्या टाकीवर.

"काका, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"तुझ्या डब्यात काल काय व्हतं?"

"बटाट्याची भाजी. का?"

"हळद घातलेली?"

"बटाट्याच्या भाजीत हळद घालणं हा आता गुन्हा आहे का?"

हैबतराव तसेच मागं वळले. परत जाऊन त्यांनी झाकणावरचा पिवळा ठिपका बोटानं चोळला. कोरडी पूड. तेलाचा ओशटपणा नाही. भाजीचा डाग असा नसतो. शैलेश सुटला. पण त्याच वेळी त्यांनी शेजारचा एक लाल ठिपकाही ओल्या बोटानं चोळून पाहिला, आणि तो बोटाला लागून आला. दुसरा चोळला. तो हलला नाही. मार्करचे ठिपके पुसत नव्हते. पुसला गेला तो एकच, पिवळ्याला खेटून असलेला.

मग ते बाळाबाईकडं गेले.

बाळाबाई सत्तरीच्या घरातली. पूर्वी डोंगरातल्या वाड्यांची सुईण होती. दवाखाने झाले तसं ते काम संपलं आणि ती इथं माशांना चारा घालायला लागली. संध्याकाळी नर आणि मादी एका टाकीत ठेवून मधे फळी घालायची, आणि सकाळी दिवे लागताच ती फळी काढायची. तोच क्षण मासे अंडी घालायला धरतात. त्यासाठी ती मासेघराशेजारच्या खोलीत झोपायची.

हैबतराव तिच्यापुढं नेहमी जरा वाकूनच असत. जान्हवी जन्मली तेव्हा नाळेचा वेढा गळ्यात होता. हैबतराव बंदोबस्ताला गेलेले. घाट पावसानं बंद. बाळाबाईनं निळं पडलेलं पोर उलटं धरून, चोळून, तोंडात फुंकर घालून रडवलं होतं. त्या रडण्यावर हैबतरावांचं घर उभं होतं.

"मावशी, काल रातच्याला कुणी अंधाऱ्या खोलीकडं आलं व्हतं?"

"कोन येतंय मरायला पावसात? तो शैलेश गेला दिवे लागायच्या आत."

"त्या पिलांचं वाईट कुणी केलं असंल?"

बाळाबाईनं चाऱ्याची वाटी खाली ठेवली. "वाईट? आरं, त्या लेकरांचं वाईट कुनी कशाला करील? येवढासा जीव तो." मग तिनं विषय बदलला. "नात कशी हाय? दूध वढती का?"

"वढती."

"येते सांजच्याला. जान्हवीच्या आईनं सांगावा धाडलाय."

हैबतराव निघाले. खोटं बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. बाळाबाई खोटं बोलत नव्हती. मग राहिली कोण? राणीच. आणि राणीही खोटं बोलत नव्हती.

४

वाटेत ते चहाच्या खोलीत शिरले. पाकोळीचा पंख त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. पावसाळ्यात पाकोळ्या उजेडावर येतात. पण संस्थेतले दिवे रात्री आपोआप विझतात. रात्रभर जळतो असा उजेड कुठं आहे?

वर पाहिलं. भिंतीवर किडे मारायचा निळा दिवा. जांभळट उजेड, त्याच्या जाळीत पाकोळ्यांचा खच. खाली टेबल.

जागा सापडली होती. डबी रात्रभर इथं होती. पण का? घात करायचा तर डबी उघडून पाणी ओतून दिलं असतं, काम झालं असतं. डबी इथं आणून, उजेडाखाली ठेवून, सकाळी मायेनं गुंडाळून परत जागच्या जागी नेऊन कोण ठेवील? आणि समोर कोरा कागद कशाला?

संध्याकाळी ते घरी आले. आत जान्हवीच्या खोलीत बायकांची गडबड. पाट मांडलेला, त्यावर वरवंटा, शेजारी समई. बायको, हेमलता, पदराला हात पुसत बाहेर आली.

"अवो, घरात कोरा कागद हाय का? आन् पेन्शील?"

"कशाला?"

"कशाला काय? आज पाचवी न्हाई का पोरीची! सटवाई रातच्याला येती, कपाळावर नशीब लिवती. तिला लिवायला नको? का तुमच्या पोलीसठाण्यातनं मागवू?"

हैबतराव चप्पल काढता काढता तसेच उभे राहिले. जान्हवीच्या पाचवीला ते बंदोबस्तावर होते. पुरुषमाणूस बाळंतिणीच्या खोलीत शिरत नाही. हे सगळं ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

कोरा कागद. त्याच्यावर पेन्सिल. हळद, आणि हळदीला खेटून कुंकू. रात्रभर जळणारा दिवा. आणि सुनीती सगळ्यांना सांगत फिरलेली, यांच्या डोक्यात काय लिहिलंय ते वाचायचं म्हणून.

"हेमा," ते हळूच म्हणाले, "माशांची पिलं किती दिवसांची झाली, तुला ठावं हाय?"

"येड लागलं का तुमाला?"

दारात कुणीतरी पाय धुतले. बाळाबाई आली होती.

५

त्यांनी तिला ओसरीवरच थांबवलं.

"मावशी, काल संस्थेत पिलांची पाचवी केलीस?"

"केली की," ती म्हणाली. जराही न दचकता. "तुला कुनी सांगितलं?"

"मग सकाळी मी विचारलं तवा बोलली का न्हाईस?"

"तू इचारलंस वाईट कुनी केलं. चांगलं कुनी केलं असं इचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

हैबतरावांना हसावं की कपाळ बडवावं कळेना.

बाळाबाई पायरीवर बसली. "त्यांना आई न्हाई रं. माशाची आई अंडी घालती आन् तीच खायाला बघती. मग पाचवी करायची कुनी? सुनीतीबाय म्हनाली, पाच दिसांची झाली, आता डोक्यात काय लिवलंय ते बघायचं. म्या म्हनलं, आगं, आदी लिवू तर दे! समई लावावी, तर ती छताला टांगल्याली शिट्टी बोंबलती. मागं उदबत्तीला बोंबलली व्हती. मग रातभर जळनारा त्यो निळा दिवा, त्याच्याखाली ठिवली. चंदेरी कागद काढला, हळदकुंकू लावलं. कागद-पेन्शील ठिवली. मला लिवता येत न्हाई, पर सटवाईला येतं. सकाळी गडबडीत कागद तितंच राह्यला."

हैबतरावांनी तिला सगळं सांगितलं. उजेडानं काय झालं ते. राणीवर काय आलंय ते.

बाळाबाईचा चेहरा पडला. ती आपल्या तळहातांकडं बघत राहिली. त्या हातांनी किती पोरं जगात आणली होती, तिला मोजता येत नव्हती.

"सुनीतीबायचं लई नुकसान झालं का?"

"झालं."

"आन् राणीला काडनार?"

"उद्या ठेकेदार येतोय." हैबतराव तिच्याशेजारी पायरीवर टेकले. "मावशी, तुझं नाव माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई. जान्हवी तुझ्यामुळं हाय, ही नात तुझ्यामुळं हाय. पर राणी…"

"तू कशाला घेतोस माझं नाव? मला तोंड न्हाई का?" ती उठली. "आदी तुझ्या नातीची पाचवी करते. उद्या सकाळी मी सांगते, काय सांगायचं ते. सरक तिकडं, वाटंत बसलाय हवालदार."

आतून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि बाळाबाई पदर खोचून आत गेली.

६

सकाळी बंडोपंतांच्या खोलीत सगळे जमले. ठेकेदार बाहेर थांबला होता. हैबतरावांनी थोडक्यात सांगितलं. पाकोळीच्या पंखानं जागा दाखवली, ती चहाची खोली. कोरड्या पुडीनं शैलेश सुटला. पुसल्या गेलेल्या लाल ठिपक्यानं हळदीशेजारी कुंकू होतं हे कळलं. पेन्सिल सटवाईसाठी नेली होती, आणि राणीला ती जिथं सापडली म्हणाली तिथंच सापडली होती. पोरीनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं.

"आणि हे केलं कुणी?" बंडोपंतांनी विचारलं.

"म्या," बाळाबाई म्हणाली. "राणीला सोडा. मला काडायचं तर काडा."

बंडोपंतांचा हात टेलिफोनकडं गेला आणि तिथंच थांबला, कारण सुनीती एकदम उठली.

"मावशी, डबी दिव्याखाली ठेवली ती संध्याकाळपासून सकाळपर्यंत? मधे काढली नाही?"

"न्हाई. पाचवीचा दिवा मधे इझवत न्हाईत."

सुनीती पळतच गेली. सगळे तिच्या मागोमाग. डबी तिथंच होती, मुद्देमाल म्हणून राखलेली. तिनं डोळा लावला. मग एक पिलू काढून दुसरं ठेवलं. मग तिसरं.

"काका, बघा."

हैबतरावांनी पाहिलं. लाल निखाऱ्याच्या कडेला हिरव्या ठिणग्या उमटल्या होत्या, कोवळ्या पोपटी.

"लाल आहे ते त्या रात्रीच्या आधी जन्मलेलं," सुनीती म्हणाली. "हिरवं आहे ते त्या रात्रीनंतर नव्यानं जन्मलेलं. जुन्या-नव्या पेशी अशा ओळखतात, दुसऱ्यांनी केलंय हे, मी वाचलंय. पण माझ्या या पिलांवर करायचं मला सुचलंच नाही. आणि हे बघा, या पिलात हिरवं नाहीच. कुठंच नाही. यात नव्या पेशी जन्मायच्या थांबल्यात. सर, हाच तर माझा प्रश्न होता! थांबतात का, आणि कधी थांबतात."

शैलेशनंही डोळा लावला. "हे काल टाकलं असतं तर?" तो म्हणाला.

सुनीतीनं हैबतरावांचा हात धरला, मग वाकून बाळाबाईच्या पाया पडली. बाळाबाई गोंधळली. पोर रडतीय की हसतीय, तिला कळेना.

बंडोपंतांनी राणीला बोलावलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "राणी, माझं चुकलं. ही घे तुझी पेन्सिल."

"पेन्शील ताईंची हाय, त्यांना द्या," राणी म्हणाली. "फकस्त परत कुनाची पिशवी अशी उघडू नगा, साहेब."

ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवला. निळा दिवा तिथंच राहिला, पण त्याच्याखाली मराठीत एक पाटी लागली. ती पाटी बाळाबाईला वाचता येईना, म्हणून सुनीतीनं त्याच पिवळ्या पेन्सिलीनं तिला अक्षरं शिकवायला घेतली. चहाच्या खोलीत, माशांना चारा घालून झाला की. पहिले काही दिवस बाळाबाई पेन्सिल वरवंट्यासारखी धरायची आणि टोक मोडायची. राणी शेजारी उभी राहून हसायची. मग तीही बसायला लागली.

हैबतरावांच्या नातीचं नाव वैष्णवी ठेवलं. बारशाला संस्थेतली सगळी आली. शैलेशनं डबा पाळण्याखाली उघडला.

सुनीतीचा प्रबंध पुरा झाला तेव्हा तिनं तो बाळाबाईच्या मांडीवर ठेवला आणि आभाराचं पान काढून दिलं. पान इंग्रजीत होतं, पण एक ओळ तिनं मराठीत छापून घेतली होती. बाळाबाईनं अक्षराखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर पुढं ढकलत वाचलं, बा, ळा, बा, ई. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हैबतराव शेजारी बसले होते. या बाईचं देणं आपल्याच्यानं फिटायचं नाही, आणि ते अंगावर राहिलं तरी आपल्याला जड नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

बाळाबाई कोंडीबा पडवळ बारा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी, रविवारी सकाळी, आपल्या वाडीतल्या घरी वारल्या.